२७ रुपयांची दरवाढ

२६ डिसेंबर २०२५ला रेल्वेची नवी भाडी लागू झाली, त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एकानं हिशेब टाकला. मेल-एक्सप्रेसला किलोमीटरमागे २ पैसे वाढ. जुलैमध्ये स्लीपरला १ पैसा वाढला होताच. म्हणजे सहा महिन्यांत मिळून ३ पैसे. पुणे ते नागपूर साधारण ८९० किलोमीटर. गुणाकार केला की २७ रुपये. खाली त्यानं लिहिलं होतं, 'एक वडापाव आणि एक कटिंग. यावर रडणाऱ्यांनी आपलं ओटीटीचं बिल तपासावं.' त्याला अकरा अंगठे मिळाले. त्यातला एक माझा.

अंगठा मी मनापासून दिला, कारण गणित बरोबर आहे. २७ रुपयांनी कुणाचा प्रवास थांबत नाही. पण थोड्या वेळानं मला माझ्याच अंगठ्याची लाज वाटली. दोनच महिन्यांपूर्वी पुण्याहून पुलगावला एका माणसाला झोपवून न्यायला मी किती पैसे मोजले होते, ते आठवलं. त्या रकमेचा आणि या ३ पैशांचा काही संबंधच नव्हता.

तो माणूस म्हणजे माझे बाबा. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, वय ६६, साखर पंचवीस वर्षांची. ऑक्टोबरात त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन पुण्यात झालं. सेवाग्राम घरापासून तासाभरावर असताना पुण्यात का, असं नातेवाइकांनी शंभरदा विचारलं. कारण साधं होतं : ऑपरेशननंतर सोबत माणूस लागतो आणि मला रजा नव्हती. डॉक्टरांनी डोळ्यात गॅस भरला. गॅस विरेपर्यंत विमानानं जायचं नाही, उंचीवर तो फुगतो आणि डोळा जाऊ शकतो. दिवसाचा बराच वेळ मान खाली घालून राहायचं, झोपायचं ते पालथं. बारा दिवसांनी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, गावी जा, पण झोपून जा.

आता हे 'झोपून जा' म्हणजे काय, ते पाहू. पुणे-नागपूर मार्गावर ऑगस्ट २०२५मध्ये वंदे भारत सुरू झाली. अजनी ते पुणे, ८८१ किलोमीटर, १२ तास. देखणी गाडी आहे, मी एकदा गेलो आहे. पण ती खुर्च्यांची गाडी. आमच्या भागाला इतक्या वर्षांनी नवी गाडी मिळाली आणि तिच्यात पाठ टेकायला फळी नाही, याचं मला तेव्हाच नवल वाटलं होतं. दिवसभर बसून जायचं म्हणजे नोकरदाराची एक रजा आणि मजुराची एक रोजी. त्यात आजारी माणसाची मान. आमच्याकडची माणसं रात्रीच्या गाडीनं जातात ती हौस म्हणून नव्हे. पुलगाव-धामणगावचा पोरगा पुण्यात परीक्षा द्यायला येतो तेव्हा रात्री गाडीत झोपतो, सकाळी स्टेशनवर तोंड धुतो आणि परीक्षेच्या हॉलमध्ये जाऊन बसतो. त्याच्यासाठी स्लीपरची बर्थ म्हणजे गाडी आणि लॉज एकत्र. ती गेली की तिकिटाबरोबर एका रात्रीचं भाडंही त्याच्या डोक्यावर येतं. दरवाढीच्या हिशेबात हे कुठेच धरलेलं नसतं.

आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. नोव्हेंबर २०२४पर्यंत १२० दिवस आधी व्हायचं. डोळ्याचा पडदा फाटताना कुणाला ६० दिवसांची नोटीस देत नाही. म्हणून तत्काळ. दिवाळीच्या आधीचा आठवडा. अकरा वाजता स्लीपरचं तत्काळ उघडलं, मी दोन लॅपटॉप आणि एक फोन घेऊन बसलो होतो. कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे, कॅप्चा भरण्यात मला कुणी हरवू नये. अकरा वाजून चार मिनिटांनी वेटिंग ४१ दिसत होतं. सकाळी दहाला एसीचं तत्काळ असंच गेलं होतं. उरलं प्रीमियम तत्काळ. त्यात जसजशा बर्थ विकल्या जातात तसतसं भाडं चढतं. बाबांचं थर्ड एसीचं तिकीट मला स्लीपरच्या नेहमीच्या भाड्याच्या चौपटीहून महाग पडलं. बर्थ मिळाली ती वरची. पालथं झोपायचं आहे म्हटल्यावर खालच्या बर्थवरच्या बाईंनी आपली जागा दिली, ही गोष्ट वेगळी. कोणत्याही भाडेपत्रकात बसत नाही म्हणून सांगून ठेवतो.

'केवढ्याले पडलं?' बाबांनी विचारलं. मी म्हणालो, सहाशे. त्यांनी आयुष्यभर तिकिटं फाडली आहेत, त्यांना हे पटलं नसावं. 'एवढे कायले घातले? जनरलनं गेलो असतो,' म्हणाले. एका डोळ्यावर पट्टी असलेला ६६ वर्षांचा माणूस दिवाळीत जनरलच्या डब्यातून मान खाली घालून जाणार होता.

त्या तिकिटावर खाली एक ओळ छापलेली होती. तुम्हीही वाचली असेल. भारतीय रेल्वे प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी फक्त ५७ टक्केच वसूल करते, अशा अर्थाची. चौपट पैसे घेऊन हातात दिलेल्या कागदावर रेल्वे मला सांगत होती की उरलेलं दान आम्ही दिलंय.

ही ओळ खोटी नाही. सरासरी म्हणून ती खरीच आहे. प्रवासी वाहतूक तोट्यात चालते, मालवाहतुकीच्या नफ्यातून तो तोटा भरला जातो, हे कॅगनं अनेकदा लिहिलं आहे. प्रवाशांना वर्षाला सुमारे ५७ हजार कोटींची सवलत दिल्याचं रेल्वेमंत्र्यांनी २०२४मध्ये सांगितलं होतं. भाडी वर्षानुवर्षं गोठवून ठेवली गेली, त्यात सगळ्या पक्षांचे मंत्री आले. मी 'रेल्वे फुकट हवी' असं म्हणणाऱ्यांतला नाही. पण सरासरी हा शब्द आमच्या धंद्यात फार जपून वापरतात, कारण तिच्या पोटात काहीही लपवता येतं. उपनगरी लोकलचा पास, पॅसेंजरचं साधं तिकीट, स्लीपर आणि प्रीमियम तत्काळ या सगळ्यांची मिळून काढलेली सरासरी प्रीमियम तत्काळवाल्याच्या हातात ठेवण्यात काय अर्थ आहे? कॅगच्याच अहवालांत थर्ड एसी हा आपला खर्च भरून काढणारा वर्ग म्हणून वर्षानुवर्षं दिसत आला आहे. त्याच्या प्रवाशालाही हीच ओळ छापून मिळते.

आणि नेमका इथेच मला त्या २७ रुपयांचा राग येतो. थर्ड एसीला भाडं स्लीपरच्या साधारण अडीच पट. जो माणूस स्लीपरमधून थर्ड एसीत ढकलला गेला त्याची दरवाढ दीडशे टक्क्यांची असते, आणि ती कुठल्याही परिपत्रकात नसते. ढकलण्याचे मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे डबेच काढायचे. जुन्या निळ्या गाड्या जाऊन एलएचबी आल्या. त्या जास्त सुरक्षित आहेत, रुळांवरून घसरल्या तरी एकमेकींवर चढत नाहीत, त्यांच्याविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही. पण नवे डबे जोडताना लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांत स्लीपरची रांग आखडली आणि थर्ड एसीची लांबली. मी इंजिनिअरिंगला असताना पुण्याच्या फलाटावर स्लीपरचे डबे मोजत मोजत धावावं लागायचं. आता धावावं लागतं ते स्लीपर शोधायला. एलएचबीच्या स्लीपर डब्यात ८० बर्थ, थर्ड एसीत ७२. एका गाडीतले ४ डबे बदलले की ३२० स्वस्त बर्थ जातात, त्यांच्या जागी २८८ महाग येतात. एकूण ३२ माणसांना जागाच उरत नाही. भाडेपत्रकात मात्र एका पैशाचा फरक पडलेला नसतो.

दुसरा मार्ग जास्त चोरटा आहे : स्लीपर इतका बिघडू द्यायचा की ज्याला परवडतं तो आपणहून निघून जाईल. आमच्या ऑफिसातल्या कुणालाही विचारा, स्लीपर का सोडला? उत्तर एकच. 'स्लीपरचा जनरल झालाय.' दरवाजात माणसं, संडासापाशी माणसं, आपल्या बर्थच्या कोपऱ्यावर टेकलेलं कुणीतरी. आपण त्या टेकलेल्या माणसावर चिडतो. जनरलचे डबे पुरेसे नव्हते, स्लीपर आखडला, मग तो कुठे बसणार होता, हा विचार तेव्हा सुचत नाही. मे २०२५पासून वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढायला बंदीची अंमलबजावणी कडक झाली. ठीक आहे, नियम म्हणून बरोबरच आहे. पण त्या माणसांचं रात्री घरी जायचं काम त्या नियमानं संपलं नाही.

वेटिंगवरून आठवलं. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट कन्फर्म झालं नाही की ते आपोआप रद्द होतं आणि माणशी ६० रुपये कापून बाकीचे परत येतात. एसीला वर जीएसटी, शिवाय संकेतस्थळाचं सुविधा शुल्क जातं ते जातंच. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार २०२१ ते जानेवारी २०२४ या काळात रद्द झालेल्या वेटिंग तिकिटांतून रेल्वेला सुमारे १,२३० कोटी रुपये मिळाले. हे न दिलेल्या बर्थचे पैसे आहेत. किराणा दुकानदारानं 'साखर नाही' म्हणून सांगितलं आणि तेवढं सांगण्याचे ६० रुपये मागितले, तर आपण काय करू?

मी स्वतः दोन वर्षं अशा चढउतार भावांचं काम केलंय, रेल्वेसाठी नव्हे, हॉटेलच्या खोल्यांसाठी. त्यामुळे 'डायनॅमिक' भाव म्हटलं की मी लगेच छाती पिटत नाही. त्यामागचा विचार मला माहीत आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. गणपतीत एखाद्या गावात खोल्या संपत आल्या की भाव चढतो. भाव चढला की ज्यांच्या घरी वरची खोली रिकामी आहे ते ती भाड्यानं लावतात. पुढच्या आठवड्यात खोल्या वाढतात, भाव उतरतो. चढलेला भाव म्हणजे बाजाराला मारलेली हाक. आमच्या कोडमध्ये एक आलेखच होता, भाव चढल्यावर किती तासांत नव्या खोल्या येतात ते दाखवणारा.

रेल्वेत तो आलेख काढला तर सपाट रेघ येईल. अकरा वाजून चार मिनिटांनी भाडं चौपट झालं म्हणून कुणी अकरा वाजून दहा मिनिटांनी डबा जोडत नाही. दुसऱ्या कंपनीची गाडी त्याच रुळावर येऊन उभी राहत नाही. हाक मारली जाते आणि ऐकायला कुणी नसतं, कारण हाक मारणारा आणि ऐकणारा एकच आहे. अशा ठिकाणी चढतं भाडं एवढंच ठरवतं की आहे त्या ७२ बर्थवर कोण झोपेल. ज्याची गरज मोठी तो झोपेल, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ज्याचा पगार मोठा तो झोपतो. त्या दिवशी माझा पगार होता म्हणून बाबा झोपले. त्याच रात्री दुसऱ्या कुणाच्या तरी बापाचा डोळा नसेल कशावरून? कुणी मुद्दाम टंचाई करतं असा माझा आरोप नाही. पण टंचाईतून पैसा यायला लागला की ती संपवायची घाई राहत नाही, हे कोणत्याही पाणीटँकरवाल्या गावात जाऊन विचारावं.

रेल्वेनं हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. ९ सप्टेंबर २०१६पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला फ्लेक्सी भाडं लागलं. दर १० टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी वर, कमाल दीड पटीपर्यंत. एसी फर्स्ट मात्र यातून वगळलेला, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गाला भावाच्या शिडीवर चढावंच लागलं नाही. कॅगनं २०१८च्या अहवालात नोंदवलं की जुलै २०१७अखेर यातून ५५२ कोटी रुपये जास्त मिळाले, आणि त्याच काळात या गाड्यांचे प्रवासी घटले. नंतर रेल्वेला काही गाड्यांतून फ्लेक्सी काढावं लागलं, कमाल मर्यादा १.४ पटीवर आणावी लागली. राजधानीतला माणूस विमानात जाऊ शकला, म्हणून रेल्वेनं ऐकलं. स्लीपरमधल्या माणसाला जायला दुसरं काय आहे?

आहे ना, ट्रॅव्हल्स आहेत, असं कुणी म्हणेल. पुण्यात राहणाऱ्या प्रत्येक वैदर्भीयाला दिवाळीतले ट्रॅव्हल्सचे भाव पाठ असतात. एसटीच्या दीड पटीहून जास्त भाडं घ्यायचं नाही असा राज्य सरकारचा निर्णय २०१८चा आहे. तो कुणी तिकीट काढताना दाखवून पाहावा. पण पैशांपेक्षा दुसरी गोष्ट सांगतो. १ जुलै २०२३च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला येणारी स्लीपर बस पेटली आणि २५ माणसं गेली. तेव्हापासून मी बसनं निघालो की आई झोपत नाही. रात्री दोनला मेसेज येतो, 'कुठी हायेस?' मी उत्तर दिलं नाही तर फोन येतो. आमच्या घरात 'रेल्वे नाही तर बस' हे वाक्य आता सहज बोललं जात नाही.

बाबांना ज्येष्ठ नागरिकाची सवलत असती तर गणित थोडं सुसह्य झालं असतं, असं मला आधी वाटायचं. पुरुषांना ६०नंतर ४० टक्के, बायकांना ५८नंतर ५० टक्के अशी ती होती. मार्च २०२०मध्ये करोनात थांबवली ती आजतागायत परत आलेली नाही. करोना गेला, जनता कर्फ्यू गेला, गाड्यांच्या नंबरांपुढे लावलेली शून्यंही गेली, सवलत तेवढी तिकडेच राहिली. ही गेलेली ४० टक्के सवलत कोणत्या वर्षाच्या दरवाढीत मोजायची? बाबांना मात्र याचा राग नाही, गंमत वाटते. ज्या एसटीला सगळे तोट्याची गाडी म्हणून नावं ठेवतात, तिच्यात त्यांना ६५नंतर अर्धं तिकीट आहे आणि आईला बाई म्हणून अर्धं. 'लाल डब्बा आमाले वळखते,' असं ते म्हणतात. कंडक्टर माणूस, आपल्या खात्याची बाजू घेणारच.

मग करायचं काय? माझं म्हणणं ऑफिसातल्यांना विचित्र वाटतं. मी म्हणतो, स्लीपरचं भाडं वाढवा. ३ नव्हे, ५ पैसे वाढवा. २७ रुपयांऐवजी ४५ घ्या, पण उघड घ्या, आणि त्या पैशांत स्लीपरचे डबे परत द्या. २०१२मध्ये दिनेश त्रिवेदींनी हेच केलं होतं. लोकसभेत उभं राहून स्लीपरला किलोमीटरमागे ५ पैसे वाढ सांगितली, आणि स्वतःच्याच पक्षानं त्यांचं मंत्रिपद घालवलं. खालच्या वर्गांची वाढ मागे घेतली गेली. तेव्हा मी शाळेत होतो, टीव्हीवर हे पाहून सगळे खूश झाले होते. आज वाटतं, तेव्हा निदान आकडा समोर होता. त्यावर भांडता येत होतं, मंत्री पडत होता. २०१७पासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्पही नाही. भाडं परिपत्रकानं वाढतं, आणि खरं भाडं तर परिपत्रकाशिवायच वाढतं. डबा बदलून, सवलत विसरून, नेहमीच्या गाडीऐवजी जास्त भाड्याची 'स्पेशल' सोडून. यातल्या कशावर सभागृहात प्रश्न विचारायचा आणि कुणाचा राजीनामा मागायचा?

कुणी म्हणेल की सरकार अमृत भारतही काढतंय, बिनएसीची, स्लीपर आणि जनरलची. काढतंय, आणि चांगलं करतंय. तिचं भाडं साध्या मेल-एक्सप्रेसपेक्षा जास्त ठेवलंय, तरीही चांगलं म्हणतो. पण झेंडे कशाला लागतात तेही पाहावं. जानेवारीत वंदे भारत स्लीपर हावड्याहून कामाख्याला निघाली. १६ डबे, सगळे वातानुकूलित, आणि तुम्ही १०० किलोमीटर गेलात तरी भाडं किमान ४०० किलोमीटरचं. 'स्लीपर' हे नाव तेवढं आमच्या डब्याकडून उचललं आहे.

कधीकाळी या खात्यात उलट दिशेनं विचार झाला होता आणि तो करणारा माणूस आपला होता. १९७४मध्ये तिसरा वर्ग रद्द झाला, म्हणजे डब्यावरची पाटी बदलली. लाकडी फळी तशीच राहिली. १९७७ला राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या फळीवर दोन इंचांची गादी बसवायला लावली. दोन इंच फोम. त्यांच्या नावावर कोकण रेल्वेसाठीचा पाठपुरावा आहे, इतर बरंच काही आहे, पण मला ही दोन इंच गादी सगळ्यात मोठी वाटते. रेल्वे तेव्हाही पैशानं गब्बर नव्हती. त्या फळीवर झोपणाऱ्याची पाठ हा रेल्वेचा प्रश्न आहे, एवढं त्यांना वाटलं. आज त्या पाठीकडे बघून खातं म्हणतं, थर्ड एसीत ये, तिथे चादरही मिळते.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं नाही. फक्त अंगठा काढून घेतला. हिशेब टाकणाऱ्यानं लगेच विचारलं, 'काय झालं भाऊ?' तो साताऱ्याचा आहे, शुक्रवारी संध्याकाळी निघतो आणि रात्री जेवायला घरी असतो. त्याला काय सांगणार.

परवा बाबांचा फोन आला. डावा डोळाही दाखवून झाला, त्याचंही ऑपरेशन लागणार. तारीख मिळाली आहे ती १८ दिवसांनंतरची. मी आरक्षण उघडून पाहिलं, स्लीपर वेटिंग, थर्ड एसी वेटिंग. बाबा म्हणाले, 'तू आता पैसे नको घालू. इकडून येताना तर दोन्ही डोये चालतेतच, जनरलनं येतो. जायचं मंग पाहू.'